दादाला सांगू नका

गुरुनाथ हरकरेनं बावीस वर्षांच्या अमेरिकेत सुट्टी अशी कधी घेतलीच नव्हती. सुट्टी म्हणजे नागपूर. चार मोठ्या बॅगा, त्यात कोणाचे बदाम, कोणाच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या, कोणाचे पायमोजे. तीन आठवड्यांत बँकेची कामं, आईच्या तपासण्या, सात घरची जेवणं आणि त्या सात जेवणांनी बिघडलेलं पोट. परत शिकागोजवळच्या नेपरव्हिलला घरी आला की ऑफिसातली माणसं विचारायची, हाउ वॉज युअर व्हेकेशन? गुरुनाथ म्हणायचा, ग्रेट. मग पुढचा शनिवार तो आडवा पडून काढायचा.

बाकी कुठं जाण्याचा प्रश्नच नव्हता, कारण बारा वर्षं ग्रीन कार्डाच्या रांगेत गेली. त्या रांगेतला माणूस देशाबाहेर पाऊल टाकताना दहा वेळा कागद तपासतो. आईसाठी जावंच लागतं, पण नुसत्या हौसेपायी ती धाकधूक कोण विकत घेणार? ‘कार्ड आलं की जाऊ’ हे वाक्य त्या घराच्या पाचवीलाच पुजलेलं होतं. नायगारासुद्धा त्यांनी अमेरिकेच्या बाजूनंच पाहिला.

शेवटी गेल्या नोव्हेंबरात घोडं गंगेत न्हालं. कार्ड आलं. आणि इशितानं, त्यांच्या एकुलत्या एक मुलीनं, कॉलेजच्या होस्टेलवर बसल्या बसल्या आईबापांसाठी मायामीहून निघणाऱ्या कॅरिबियन क्रूझवर खोली ठरवून टाकली. सात रात्री, मे महिन्यात. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस बोटीवर. “यू गाइज नीड अ लाइफ,” ती म्हणाली, आणि तिचं म्हणणं काही खोटं नव्हतं.

अडचण एकच होती. ऑफिसनं दहाच दिवसांची रजा दिली. म्हणजे नागपूर तरी, नाही तर बोट तरी. गुरुनाथ आठवडाभर घुटमळला. हा माणूस हॉटेलात इडली की डोसा यावर पाच मिनिटं घेतो, तिथं आई की समुद्र याचा निकाल कसा लावणार? निकाल आईनंच लावला. एक्क्याऐंशी वर्षांची बाई, धाकट्या मुलाकडे, रवींद्रकडे, नागपूरला राहायची. फोनवर म्हणाली, “दिवाळीत या. मी कुठं पळून जाते? जा, समुद्र पाहून या.” गुरुनाथनं तीन वेळा विचारलं, तिनं तीन वेळा तेच सांगितलं. मग कुठं त्यानं पोहण्याची चड्डी आणली.

बोटीवर पाय ठेवल्या ठेवल्या त्यानं पहिलं काम काय केलं असेल, तर आपला फोन बंद करून खोलीतल्या तिजोरीत टाकला. “सात दिवस हा मेला,” तो बायकोला, उल्काला, म्हणाला. वायफाय फक्त उल्काच्या फोनवर घेतलं होतं, तेही इशिताला फोटो पाठवायला. त्या एका गोष्टीनं त्याच्यात काय फरक पडला ते उल्का बघत राहिली. बावन्न वर्षांचा गडी, पण बोटीच्या बारा मजल्यांवर लहान मुलासारखा हरवायचा आणि हरवल्याचा त्याला आनंद व्हायचा. खोली आवरणाऱ्यानं टॉवेलाचा हत्ती करून पलंगावर ठेवला, तर तो मोडवेना म्हणून यानं दोन दिवस हात पुसायच्या रुमालानं अंग पुसलं. उल्कानं दोन किलो चिवडा आणला होता, त्याची पिशवीसुद्धा उघडली नाही. जेवणघरातला वाढपी गोव्याचा निघाला. त्याच्याशी गुरुनाथ अर्धा तास माशांवर बोलला आणि शेवटी डाळभात मागितला.

उल्का त्याला ‘अहो’ म्हणायची. फार वर्षांपूर्वी ऑफिसच्या पार्टीत ते ऐकून एका गोऱ्या साहेबानं वर्षभर त्याला ‘मिस्टर आहो’ म्हटलं होतं. तो किस्सा गुरुनाथनं बोटीवर पहिल्याच संध्याकाळी शेजारच्या टेबलाला सांगितला, आणि टेबल हसलं तसा स्वतःही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. आपला नवरा हसतो कसा हे उल्का जवळजवळ विसरलीच होती.

सोमवारी दिवसभर बोट समुद्रात होती. दुपारी उल्काच्या फोनवर रवींद्रचा मेसेज आला.

“वहिनी, आईला थोडा ताप होता म्हणून अ‍ॅडमिट केलंय. काळजीचं काही नाही. दादाला सांगू नका, उगाच जीव टांगणीला लागेल.”

यात उल्काला वावगं काही वाटलं नाही. हरकऱ्यांच्या घरातच काय, तिच्या माहेरीसुद्धा हीच रीत. परदेशातल्या माणसाला वाईट बातमी उकळून, गाळून, थंड करून द्यायची. आजार कळवायचा तो बरा झाल्यावर, ऑपरेशन कळवायचं ते टाके निघाल्यावर. लांबच्या माणसाला करता येत काही नाही, मग त्याला जाळायचं कशाला? ही सगळी माया असते आणि त्या मायेबद्दल कोणी कोणाला जाब विचारत नाही. उल्कानं लिहिलं, “बरं. कळवत राहा.” गुरुनाथला सांगितलं, इथलं वायफाय फोनला चालत नाही, नुसते मेसेज जातात. “मग आईला परत गेल्यावरच फोन करू,” तो म्हणाला.

मंगळवारी दुपारी बोट सान हुआनला लागली. समुद्रावरच्या जुन्या किल्ल्यापुढे भलंमोठं हिरवं मैदान, आणि त्यावर शेकडो पतंग. नागपूरचा माणूस, संक्रांतीला गच्चीवरून न उतरणारा. त्यानं तिथल्या तिथं एक लाल पतंग घेतला. मांजा नव्हता, साधा दोरा होता, पण ढील देताना त्याचा हात अगदी पूर्वीसारखा चालत होता. “उल्का, बघ, बघ!” तो ओरडत होता.

उल्का फोन बघत होती. “आयसीयूत हलवलं. न्यूमोनिया आहे. डॉक्टर म्हणतात वय झालंय, पण औषध लागू पडतंय. दादाला सांगू नका वहिनी. इतक्या वर्षांनी फिरायला गेलाय.”

सान हुआन बेटावरचं शहर, पण अमेरिकेचंच. विमानतळ पंधरा मिनिटांवर. उल्कानं तिथंच गवतावर बसून शोधलं: संध्याकाळी शिकागोचं विमान, तिथून दिल्ली, गुरुवारी दुपारी नागपूर. पासपोर्ट खोलीत होते. सगळं होण्यासारखं होतं. तिनं मान वर करून गुरुनाथकडे पाहिलं. त्याची टोपी मागं पडली होती, तोंड उघडं होतं, आणि पतंग इतका वर गेला होता की आजूबाजूची माणसं थांबून बघत होती. आत्ता मी तोंड उघडलं की हे सगळं संपणार, असं तिला वाटलं. आणि तापच तर आहे. डॉक्टर म्हणतायत ना, औषध लागू पडतंय. मागं दोनदा आई अशाच दवाखान्यात जाऊन चालत घरी आल्या होत्या.

तिनं विमानांचं पान बंद केलं. उल्का काही दुष्ट बाई नव्हती. तिनं नवऱ्याच्या सुखाकडे पाहिलं आणि ते तिला मोडवलं नाही, एवढंच झालं. पण मोडणं हेच त्या दिवशी तिचं काम होतं.

बुधवारी सकाळी सेंट थॉमस. तिथं शिडाच्या होडीतून एका खाडीत नेतात, तोंडाला नळी आणि डोळ्यांना चष्मा लावून पाण्यात सोडतात, आणि खाली कासवं दिसतात. गुरुनाथला पोहता येत नव्हतं. होडीवरच्या मुलीनं त्याला लाइफ जॅकेट घातलं आणि सांगितलं, बुडायचं म्हटलंत तरी बुडता येणार नाही. तो शिडीवरून एकेक पायरी उतरला, प्रत्येक पायरीला उल्काकडे बघत. मग त्यानं तोंड पाण्यात घातलं. आणि पुढची वीस मिनिटं ते वर काढलंच नाही. मधूनच अंगठा तेवढा वर यायचा, सगळं ठीक म्हणून.

उल्का होडीतच थांबली होती. कासवांपेक्षा तिला कोरडं राहणं प्रिय. साडेनऊला फोन वाजला. हेही बेट अमेरिकेचंच, घरच्यासारखीच रेंज होती. रवींद्रचा व्हिडिओ कॉल.

“वहिनी, दोन मिनिटं आत सोडलंय. आई शुद्धीवर आहे, सकाळपासून एकच धोशा लावलाय. दादा आहे का जवळ?”

तिनं काही म्हणायच्या आत पडद्यावर आईंचा चेहरा आला. नाकात नळी, केस विस्कटलेले, डोळे मात्र स्वच्छ. “उल्का,” त्या म्हणाल्या, “गुरूला दे.”

“आई, ते पाण्यात आहेत.” तोंडातून निघून गेलं. खरं तेच निघालं.

“पाण्यात?” आईंचे डोळे मोठे झाले. “पाण्यात कसा? त्याला पोहता कुठं येते?”

“जॅकेट घातलंय आई. काही होत नाही.”

“अगं बाहेर काढ त्याला आधी!” त्यांना धाप लागली. “काढ बाहेर. मले बोलायचं आहे त्याच्याशी.”

मागून कोणीतरी नर्स काही बोलली. चित्र हललं, रवींद्रच्या शर्टाची बटणं दिसली. “वहिनी, तिला त्रास होतोय, ठेवतो. रात्री बघू पुन्हा. दादाला राहू द्या, घाबरेल तो.” फोन बंद झाला.

गुरुनाथ होडीपासून पंधरा हातांवर तरंगत होता. त्याची पाठ दिसत होती, पिवळ्या जॅकेटमधली. हाक मारली असती तर पोहोचली असती, पुन्हा फोन लावला असता तर लागलाही असता. उल्का कठड्याशी जाऊन उभी राहिली आणि हाक मारायला तिनं तोंडही उघडलं. पण काय सांगणार? आई सोमवारपासून दवाखान्यात आहेत, आता आयसीयूत, मी तुम्हाला सांगितलं नाही? असं पाण्यातल्या माणसाला, जो आधीच पोहायला घाबरतो? नको. संध्याकाळी बोटीवर निवांत सांगू, मग लावू फोन. तेवढ्यात गुरुनाथनं डोकं वर काढलं आणि नळी काढून ओरडला, “उल्का, कासव! बापरे, केवढं कासव!” ती हसली. हात हलवला.

बोटीवर परततानाच रवींद्रनं कळवलं, आईला झोपेचं औषध दिलंय, आता उद्याच. उद्या म्हणजे गुरुवार. गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला, जेवायला जायच्या आधी, उल्का आरशापुढे उभी होती आणि गुरुनाथ शर्टाची बटणं लावत होता.

“वहिनी, आई गेली. आत्ता पहाटे चारला. दादाला यायला किती वेळ लागेल? फ्रीजर मागवता येतो. तुम्ही सांगाल तसं करू.”

उल्का फोन घेऊन न्हाणीघरात गेली आणि आतून कडी लावली.

गुरुनाथ थोरला. अग्नी द्यायचा हक्क त्याचा. त्याच्या वडिलांच्या वेळी तो तीस तास प्रवास करून गेला होता आणि तोवर घरच्यांनी थांबवून ठेवलं होतं. पण आता बोट भर समुद्रात. शनिवारी ती जिथं थांबणार ते कंपनीचं एक वाळूचं बेट, तिथं विमान कुठलं? रविवारी मायामी. नागपूर मंगळवार. पाच दिवस आईंना बर्फात ठेवायचं? आणि आता सांगितलं तर हे काय करणार, या लोखंडी खोलीत तीन दिवस भिंतींना डोकं आपटत बसणार? हिशेब सोपा होता. तो चुकीचाही नव्हता. फक्त तो करणारी ती कोण, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. तिनं लिहिलं, “थांबू नका.”

“उल्का, टाय लावू का आज?” बाहेरून आवाज आला.

“उद्या लावा,” ती म्हणाली. “उद्या आपला दिवस आहे.” आणि तिनं शॉवर सोडला, डोक्यावरून. बातमी ऐकली की अंघोळ करायची, एवढं तरी तिच्या हातात होतं. पाण्याखाली ती रडली, तोंडावर हात धरून. आईंनी तिला लेकीसारखं वागवलं असं काही नव्हतं. सून म्हणूनच वागवलं, पण बाळंतपणात स्वतः सहा महिने या परक्या थंडीत येऊन राहिल्या होत्या. इशिताची पहिली अंघोळ त्यांच्या हातची.

केस ओले बघून गुरुनाथ म्हणाला, “आत्ता कशाला धुतलेस? जेवण निघून जाईल.” समुद्राच्या हवेनं चिकट झाले होते, ती म्हणाली.

तिला स्वतःचे वडील आठवले. बारा-तेरा वर्षं झाली. ते अकोल्याला गेले तेव्हा दुसऱ्या दिवशी तिची शिक्षकाच्या लायसन्सची परीक्षा होती. गुरुनाथनं बातमी एक दिवस पोटात ठेवली, परीक्षा झाल्यावर गाडीत सांगितली. ती तेव्हा म्हणाली होती, “बरं केलंत.” पुढं पाहुण्यांनाही तिनं तेच सांगितलं, यांनी बरं केलं, म्हणून मी पास झाले. दुसरं म्हणणार काय? तो पेपर लिहीत असताना आपले वडील सरणावर होते, हे ती कधी विसरली नव्हती. पण कोणाला बोलली नव्हती. म्हणून तर गुरुनाथला कधी कळलं नाही, आणि आज, नवल म्हणजे, तिलाही त्याचा उपयोग झाला नाही.

शुक्रवारी लग्नाचा वाढदिवस. सकाळी गुरुनाथनं तिचा फोन मागितला, “बघू तरी, कोणी विश केलंय.” तिनं रवींद्रचे मेसेज आधीच काढून टाकले होते. हरकरे कुटुंबाच्या ग्रुपवर चौतीस माणसं. चार दिवस तो ग्रुप चिडीचूप होता, एरवी पहाटे पाचपासून फुलं आणि सुविचार बरसायचे. आज मात्र एकामागून एक शुभेच्छा येत होत्या. मामा, मावशी, आत्याची मुलं, सगळे. केक, गुलाब, नाचणारी माणसं. उल्काच्या लक्षात आलं. ही सगळी माणसं आत्ता घाटावरून परतली होती. अंघोळी करून, ओल्या पंच्यांनी, एकमेकांना बजावून त्यांनी हे पाठवलं होतं: दादाला संशय यायला नको.

“रवीचं काही नाही का?” गुरुनाथ म्हणाला. “विसरला वाटतं गाढव.”

तेवढ्यात आलंच. “दादा, वहिनी, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा. मजा करा.”

“बघ, आला!” गुरुनाथ खूश झाला. “आईनं सांगितलं असेल त्याला. तिला तारखा पाठ असतात.”

संध्याकाळी उल्का नवी रेशमी साडी नेसली. सुतकात. बोटीवरच्या फोटोवाल्यानं दोघांना जिन्यावर उभं केलं, आणि तो फोटो तिनं इशिताला पाठवला, कारण नाही पाठवला तर ती विचारील. वाढप्यांनी टाळ्या वाजवत केक आणला. ती तुकडा काट्यानं इकडून तिकडे करत राहिली. नंतर गुरुनाथनं तिला गाण्याच्या हॉलमध्ये ओढत नेलं. तिथं कोणीही माइक घेऊन गाऊ शकत होतं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये घसा कोरडा पडणारा हा माणूस टाय लावून स्टेजवर गेला, आणि एक जुनं हिंदी गाणं, मधले शब्द विसरून, पण सुरात म्हणाला. लोकांनी वन्स मोअर दिला. तो उल्काकडे बघत होता. उल्कानं टाळ्या वाजवल्या, जोरात वाजवल्या, कारण दुसरं काय करायचं हे तिला सुचेना.

शनिवारी वाळूच्या बेटावर दोघं छत्रीखाली पडले होते. “तू गप्प गप्प आहेस,” तो म्हणाला.

“दमले.”

“ऐक ना. मी काल खाली चौकशी केली. यांच्याकडे व्हीलचेअर मिळते. चढउतार काही नाही, सगळीकडे लिफ्ट. पुढच्या वर्षी आईला आणू. व्हिसा काढू तिचा. ती पाण्यात नको जाऊ दे, नुसती बाल्कनीत बसेल. बसेल ना?”

“बसतील,” उल्का म्हणाली आणि टॉवेल तोंडावर घेतला. त्या क्षणी तिला त्याची इतकी कीव आली की सांगून टाकावं, इथंच, या वाळूत. पण पाच दिवस लपवलेलं सहाव्या दिवशी सांगायला जास्त बळ लागतं. उद्या तर सांगायचंच आहे, ती स्वतःला म्हणाली.

रविवारी सकाळी मायामी. कस्टममधून बाहेर आल्यावर विमानतळाच्या बसची रांग होती. उन्हात सगळे आपापल्या बॅगा धरून उभे. गुरुनाथ पुढच्या जोडप्याला कासवाबद्दल सांगत होता.

“अहो, बाजूला चला जरा. बसा इथं.”

“काहून? बस येईल ना.”

“बसा.”

तिथं एक सिमेंटचा बाक होता. ती त्याच्या शेजारी बसली, आणि दोन दिवस मनात जुळवलेली वाक्यं सगळी गळून पडली. “आई गेल्या,” ती म्हणाली.

गुरुनाथ तिच्याकडे वळला. “आत्ता? आत्ता मेसेज आला?”

हो म्हटलं असतं तर चाललं असतं. निदान आजचा दिवस तरी. “गुरुवारी संध्याकाळी,” उल्का म्हणाली. “तिथं शुक्रवार पहाट. सोमवारपासून दवाखान्यात होत्या. न्यूमोनिया.”

त्यानं बोटांवर मोजलं. खरोखर बोटं उघडून मोजलं. “म्हणजे शुक्रवारी...”

“हो.”

“रवीनं मेसेज केला होता शुक्रवारी.”

“घाटावरून येऊन केला.”

“अग्नी?”

“भाऊजींनी दिला. मीच सांगितलं, थांबू नका म्हणून. आपण पोहोचू शकलो नसतो.”

“मी गाणं म्हटलं,” गुरुनाथ म्हणाला. “तू टाळ्या वाजवल्यास.”

तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. त्यानं तो काढला नाही, धरलाही नाही. शेवटी म्हणाला, “बरं केलंस.”

हे दोन शब्द काय असतात ते तिच्याइतकं कोणाला माहीत? तिला वाटलं, त्यानं ओरडावं, चारचौघांत ओरडावं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. इशिता. गुरुनाथनंच तो बाकावरून उचलला आणि स्पीकरवर घेतला.

“हाय बाबा! हाउ वॉज इट? आर यू टॅन्ड?”

“मज्जा आली बेटा,” गुरुनाथ म्हणाला. त्याचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. “कासव बघितलं. तुझा अभ्यास? हो, हो. सगळे मजेत. आजी पण मजेत.”

उल्कानं त्याचा दंड धरला. त्यानं फोनवर तळवा दाबला. “बुधवारपर्यंत फायनल्स आहेत तिच्या.”

“असू देत. सांगा तिला. तिची आजी आहे.”

“हे तुला आज सुचतंय?” तो म्हणाला. आवाज चढवला नाही. तळवा काढला आणि फोन तिच्या हातात दिला. “सांग मग.”

उल्कानं सांगितलं. पलीकडून मग इशिताचा अगदी लहानपणीचा आवाज आला, “व्हेन?”

“गुरुवारी.”

“बट मॉम, फ्रायडेला तू मला फोटो पाठवलास. साडीतला. यू वर स्माइलिंग.”

“हो.”

“बाबाला माहीत होतं?”

“नाही. फक्त मला.”

इशिता रडायला लागली. रडता रडता तिनं विचारलं, “बाबा आजीशी बोलला का? बिफोर? डिड ही गेट टू टॉक टू हर?”

गुरुनाथनं मान वळवून उल्काकडे पाहिलं. हे त्यानं विचारलंच नव्हतं. विचारण्यासारखं काही असेल हे त्याच्या मनातच आलं नव्हतं.

“नाही,” उल्का म्हणाली. ती इशिताला सांगत होती, पण बघत त्याच्याकडे होती. “बुधवारी आजीचा व्हिडिओ कॉल आला होता. शुद्धीवर होती. बाबा हवा होता तिला. मी म्हटलं, ते पाण्यात आहेत. बाहेर काढ त्याला, म्हणाली, बोलायचंय. मी हाक मारली नाही.”

फोनमध्ये इशिता काही म्हणत होती, ते दोघांपैकी कोणीच ऐकलं नाही. विमानतळाची बस आली होती आणि रांग पुढं सरकली.

“मला वर यायला किती वेळ लागला असता?” गुरुनाथनं विचारलं.

“दोन मिनिटं,” उल्का म्हणाली.